मोटार काढायच्या घोडीवर तारेच्या दोराऐवजी सिंथेटिक दोर कसा बसवायचा

तापीच्या गाळपट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला बोअर खोल गेले, तशी मोटार काढण्या-सोडण्याची घोडी आता गावोगाव दिसते. तीन पाय, माथ्यावर कप्पी, पायाला विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, आणि त्यावर १० किंवा १२ मिलिमीटरचा तारेचा दोर. रावेर-यावलकडे मे महिन्यात केळीच्या बागेची मोटार जळाली की घोडी दिवसभर चालते आणि त्याच दिवसांत दोराचं दुखणं वर येतं. पीळ सुटतो, ड्रमवर वेटोळं रुततं, तुटलेल्या तारेची कुसळं हातमोज्यातून आत घुसतात. त्यामुळे तारेच्या जागी हलका सिंथेटिक दोर टाकावा का, असं बरेच जण विचारतात. टाकावा. पण तार काढली आणि दोर गुंडाळला, एवढ्यानं भागत नाही. हा दोर ज्या-ज्या गोष्टीला टेकणार आहे ती प्रत्येक गोष्ट आधी दुरुस्त करावी लागते. ते न केल्यास महागाचा दोर एका हंगामात जातो आणि माणसं म्हणतात, ‘प्लॅस्टिकच ते, टिकणार कसं?’

दोर कोणता, तेही नीट समजून घ्या. दुकानात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारे बहुतेक दोर वेगळे असतात. इथे हवा आहे तो एचएमपीई धाग्याचा, म्हणजे अतिशय लांब साखळीच्या पॉलिइथिलीनचा दोर. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. आपल्या ओळखीच्या एचडीपीई पाइपाचाच हा नातेवाईक, पण साखळ्या एका दिशेला ओढून बसवलेल्या, म्हणून ताकद भलतीच. तो पाण्यावर तरंगतो, ओला झाला तरी जड होत नाही, गंजत नाही आणि तुटेपर्यंत जेमतेम ३ ते ४ टक्के ताणतो. नायलॉन २० टक्क्यांहून जास्त ताणतो आणि तुटताना सगळा ताण एकदम परत फेकतो, म्हणून मोटार ओढायला तो धोक्याचा. पिवळा-निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर तर १० मिलिमीटरला जेमतेम दीड टनाच्या आत तुटतो.

आकडे समोरासमोर ठेवू. १० मिलिमीटरचा, ताग-गाभ्याचा साधा तारेचा दोर सुमारे ५.९ टनांना तुटतो आणि १०० मीटरला ३६ किलो भरतो. चांगल्या प्रतीचा १० मिलिमीटरचा एचएमपीई दोर ८ टनांच्या आसपास तुटतो आणि १०० मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. १२ मिलिमीटरमध्ये तो १३ टनांच्या पुढे जातो, वजन १०० मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. घोडीला ३० मीटर दोर पुष्कळ होतो, म्हणजे १२ मिलिमीटरचं अख्खं वेटोळं तीन किलोच्या आत. एका हातात घेऊन माणूस घोडीवर चढतो. कंपनीगणिक आकडा बदलतो, म्हणून दोरासोबत आलेल्या चाचणीच्या दाखल्यावरचाच धरा. दाखला नसेल तर तो दोर घेऊ नका. बाजारात दिसायला हुबेहूब असे दोर आहेत. खरा दोर मेणासारखा गुळगुळीत लागतो आणि घरगुती कात्रीनं कापायला गेलं तर धागे पात्यांमधून निसटतात. सहज कचकन कापला गेला तर शंका घ्या.

किती जाडीचा घ्यायचा

हिशेब नेहमी भरलेल्या पाइपाचा करा. ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. दोन इंची मध्यम जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मीटरला ५ किलो, म्हणजे ६१० किलो. पंपाचा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) धरून असेल तर पाइपातलं पाणीही सोबत वर येतं, मीटरला २.२ किलोप्रमाणे आणखी २७० किलो. मोटार-पंप ७० आणि केबल ४० धरा. बेरीज टनाला टेकली. हे झालं सरळ निघाली तर. गाळात अडकली किंवा केसिंग (बोअरच्या आत बसवलेला पाइप) वाकलं असेल तर ओढ सहज दुप्पट होते, म्हणून २ टन धरा. दोरावर किमान पाचपट राखीव हवी, म्हणजे १० टन. टोकाला फास करताना दोर गुंफावा लागतो, त्या गुंफणीत १० टक्के ताकद जाते ती धरून ११ टनांच्या वरचा दोर लागतो. म्हणून जीआय पाइपाच्या खोल बोअरला १२ मिलिमीटरच घ्या. एचडीपीई पाइपावर २०० फुटांपर्यंतच काम असेल तर १० मिलिमीटर पुरतो.

हिशेबात एक गोष्ट मात्र हमखास सुटते. दोर जोरकस झाला म्हणून घोडी जोरकस होत नाही. विंच खाली पायाला असेल तर माथ्यावरच्या कप्पीवर वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, कारण एका बाजूनं मोटार ओढते आणि दुसऱ्या बाजूनं विंच. जुना तारेचा दोर आवाज करत, कुसळं काढत आधीच सांगायचा. नवा दोर सगळ्यांत दणकट कडी झाल्यावर आता आधी जाणार ती कप्पीची पिन, शॅकल (पिन लावायची यू आकाराची जोडकडी) किंवा पायाचं वेल्डिंग. म्हणून दोर बदलताना पिन आणि शॅकलही वजनाचा शिक्का असलेले घ्या. रस्त्याकडेच्या लोखंडवाल्याकडचं बिनशिक्क्याचं शॅकल घोडीवर चढवू नका.

कप्पी: निम्मं काम इथेच

तारेच्या दोरानं वर्षानुवर्षं घासलेली कप्पी आतून तारेच्या पिळाच्या ठशांनी भरलेली असते. डोळ्याला ती गुळगुळीत वाटते. कापसाचा एक बोळा घ्या, खोबणीतून दाबून पूर्ण फेरा फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहतो तिथे दोराचा धागा तुटणार. खान्देशात कापसाला तोटा नाही. ही तपासणी फुकटात होते आणि यातून लपून काही राहत नाही. ठसे हलके असतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात करून १२० आणि २२० नंबरनं संपवा, मग पुन्हा बोळा फिरवा. ठसे खोल असतील तर कप्पी खराद यंत्रावर नेऊन खोबणी पुन्हा कातून घ्या किंवा नवीच टाका. खोबणी गोल बुडाची आणि दोरापेक्षा साधारण १० टक्के रुंद हवी, १२ मिलिमीटरच्या दोराला १३ ते १३.५. अरुंद खोबणी दोराला दोन्ही बाजूंनी चिमटते आणि फार रुंद असली तर दोर चपटा होतो. खोबणीच्या बुडाशी कप्पीचा व्यास दोराच्या आठपट असावा, म्हणजे १२ मिलिमीटरला ९६, धरा १००. तारेला याहून बरीच मोठी कप्पी लागते, त्यामुळे तुमची जुनी कप्पी व्यासात बहुधा बसेल.

कप्पी फिरते का, हे मात्र दर वेळी बघा. अडकलेल्या कप्पीवरून तारेचा दोर घासत गेला तरी त्याचं चटकन काही बिघडत नाही. एचएमपीई सुमारे १४५ अंशांना वितळतो आणि ७० अंशांच्या वर त्याची ताकद उतरते. न फिरणाऱ्या कप्पीवर भाराखाली दोन-चार फूट घासला की खालच्या बाजूला चकचकीत, काचेसारखा पट्टा उठतो. तो दोर तिथे गेला. बेअरिंगची कप्पी असेल तर हाताच्या बोटानं सहज फिरली पाहिजे, बुशची असेल तर रोज सकाळी ग्रीस द्या. दोराला मात्र ग्रीस किंवा वंगण अजिबात लावू नका. तारेची सवय असल्यानं ही चूक होते. वंगणावर काळ्या मातीची बारीक रेव चिकटते आणि आतून दोर कापते.

विंच आणि ड्रम

हातानं फिरवायची वर्म गिअरची विंच असेल तर फार काही करायचं नाही. १२ व्होल्टची जीपसारखी विद्युत विंच असेल तर तिचा ब्रेक कुठे आहे ते बघा. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. वजन खाली सोडताना तोच घासतो, ड्रम तापतो आणि पहिल्या थराचा दोर तापलेल्या ड्रमला चिकटून असतो. मोटार सोडण्याचं काम म्हणजे तासन् तास भार खाली सोडणं, त्यामुळे इथे हा धोका जीप ओढण्यापेक्षा खूप मोठा. ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेली विंच वापरा. ते जमत नसेल तर पहिल्या थराखाली उष्णता न पोहोचवणारं म्यान घाला आणि दर तीन पाइपांनंतर ड्रमच्या बाजूला हात ठेवून बघा. पाच सेकंद हात टिकत नसेल तर ६० अंशांच्या आसपास पोहोचलात, थांबा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हातलं काळं लोखंड तसंही हात टेकू देत नाही, म्हणजे काम सुरू होण्याआधीच मर्यादेचा मोठा भाग संपलेला. ड्रमवर पोत्याचं किंवा ताडपत्रीचं आच्छादन ठेवा आणि जमेल तेव्हा काम सकाळी उरका.

तारेसाठीची ड्रमवरची पकड, म्हणजे पाचर किंवा पट्टी-बोल्ट, या दोराला धरत नाही. दोर इतका गुळगुळीत की निसटतो आणि पट्टी आवळली तर तिच्या कडेनं कापला जातो. ड्रमच्या बाजूच्या टोकाला लहान गाळा, म्हणजे टोक वळवून गुंफलेला फास, करून तो रुंद, कडा घासलेल्या वॉशरसह बोल्टला अडकवा. खरी पकड त्या बोल्टची नसून वेढ्यांची असते. तारेला ड्रमवर पाच वेढे शिल्लक ठेवले तरी चालतं, इथे किमान दहा ठेवा. दहावा वेढा जिथे येतो तिथे दोरावर लाल रंगाची रुंद खूण करा. लाल दिसलं की पुढे सोडायचं नाही, हे विंचवरच्या माणसाला आधी सांगून ठेवा.

ड्रमच्या काठावरचे वेल्डिंगचे ठिपके, जुन्या तारेनं पाडलेले ओरखडे, भोकाच्या कडा, सगळं कानसेनं घासा. इथेही कापसाचा बोळा फिरवा.

गाळा गुंफणे

या दोराला गाठ मारू नका. तो घसरडा असल्यानं बऱ्याच गाठी भाराखाली सरकतात आणि ज्या धरतात त्या निम्मी ताकद खातात. तारेवरचे यू-क्लॅम्पही चालत नाहीत. ते आवळून दोर चेंगरतो, तरी सरकतोच. गुंफलेल्या गाळ्यात मात्र ९० टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते. बारा पेडांची पोकळ वेणी असलेला दोर घेतला तर गुंफणं तासाभराचं काम आहे. हुकाकडचा गाळा दोर ड्रमवर चढवण्याआधीच करा, कारण कुलपी गुंफणीत दोराचं दुसरं टोक गाळ्यातून ओढून काढावं लागतं.

पुरण्याची लांबी दोराच्या जाडीच्या ७२ पट. १२ मिलिमीटरला ८७ सेंटिमीटर, १० ला ७२. टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, लाकडी फळीवर ठेवून धारदार पात्यानं कापा. ग्राइंडरनं कापलं तर टोक वितळून खडा होतो आणि पुढचं काम बिघडतं. टोकापासून ८७ सेंटिमीटरवर ‘क’ खूण करा. लोखंडी थिंबलभोवती (गाळ्यात आतून बसणारी खोबणीची कडी) दोर गुंडाळून परीघ मोजा, तेवढं अंतर ‘क’च्या पुढे घेऊन ‘ख’ खूण करा. कुलूप बसल्यावर गाळा मोठा-लहान होत नाही, म्हणून हे माप दोनदा घ्या.

‘ख’ खुणेवर दोर दोन्ही हातांनी आत ढकलला की वेणी फुगते. पेड मधोमध विलग करा, सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला, आणि त्यातून टोक ओढत न्या, ‘क’ खूण ‘ख’ला येऊन टेकेपर्यंत. आता टोकाच्या बाजूला, ‘क’ खुणेवर तसेच पेड विलग करा आणि दोराचं लांबचं दुसरं टोक पूर्ण त्यातून काढा. ओढून घट्ट केलं की दोन्ही भाग एकमेकांतून फुलीसारखे जातात. हे कुलूप. दोर सैल पडला तरी गाळा सुटत नाही. थिंबल गाळ्यात आत्ताच बसवून घ्या.

आता उरलेलं ८७ सेंटिमीटरचं शेपूट निमुळतं करायचं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि दोर बरोबर तिथेच तुटतो, कारण पुरलेलं शेपूट जिथे एकदम संपतं तिथे दोर जाडाचा बारीक होतो आणि ताण एका जागी साचतो. शेपटाच्या शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये दर ५ सेंटिमीटरला एक डावीकडे जाणारा आणि एक उजवीकडे जाणारा पेड बाहेर काढून कापा. टोकाला एक-दोनच पेड उरतील. मग बाइंडिंग वायर दुहेरी करून तिची लांब सुई बनवा. कुलपापासून ९० सेंटिमीटरवर ती दोराच्या पोकळीत शिरवा, आतल्या आत सरकवत कुलपाजवळ बाहेर काढा, शेपटाचं टोक तिच्या फासात अडकवा आणि परत ओढा. शेपूट दोराच्या पोटात जाईल. कुलपाकडून पुढे दोर हातानं निथळत न्या, म्हणजे म्हशीचं दूध काढतो तसा दाबत पुढे सरकवायचा. बाहेर राहिलेलं टोक आपोआप आत गडप होतं. शेवटी दाभणानं जाड, मेणलेल्या दोऱ्याचे कुलपालगत सात-आठ टाके आरपार घाला. ड्रमकडच्या गाळ्याला कुलूप लागत नाही. शेपूट पुरून टाके घातले की पुरे, कारण दहा वेढ्यांमुळे त्याच्यापर्यंत भार पोहोचतच नाही.

पुरलेला भाग दीडपट जाड होतो आणि कप्पीत अडकतो. म्हणजे हुक कप्पीपासून जवळपास एक मीटर खालीच थांबणार. जीआय पाइप २० फुटी असतो. घोडीची उंची जेमतेम असेल तर हा मीटर आधीच मोजून घ्या, नाहीतर पहिल्याच पाइपाला कपलिंग, म्हणजे दोन पाइपांचा जोड, क्लॅम्पच्या वर येणार नाही.

गुंडाळणे आणि पहिला भार

सैल गुंडाळलेला दोर पहिल्याच जोरात खालच्या थरांत रुतून बसतो. रुतलेला दोर सोडताना धक्के देतो आणि ओढून काढताना घासला जातो. म्हणून दोर २०० ते २५० किलोच्या ताणाखाली गुंडाळा. हुक ट्रॅक्टरला अडकवा, ट्रॅक्टर सपाटीवर न्यूट्रलमध्ये ठेवून कुणीतरी ब्रेक हलका धरा आणि विंचनं तो हळूहळू ओढून घ्या. वेढे अंगाला अंग लावून बसू द्या. मग साधारण अर्धा टन वजन जमिनीपासून फूटभर उचलून पाच मिनिटं ठेवा, खाली घ्या, असं तीन वेळा करा. नवी गुंफण इथे बसते आणि दोर दोन-तीन टक्के लांबतो. हे लांबणं एकदाच, पुन्हा होत नाही.

हुकाच्या खाली, जिथे पाइप क्लॅम्प, कपलिंग आणि केसिंगची कड येते, तिथे हा दोर नेऊ नका. शेवटचा एक-दीड मीटर साखळीचा किंवा तारेच्या स्लिंगचा ठेवा. केसिंगची कापलेली कड पात्यासारखी असते. भाराखाली ताणलेला एचएमपीई तिला टेकला तर बघता बघता कापला जातो. तार तिथे टिकते. बोअरमध्ये पडलेली मोटार काढायला दोर आत सोडावा लागणार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: तिथे तारच वापरा. वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या जवळही तार बरी.

विहिरीच्या यारीवर माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी यातला कोणताच दोर नाही. वरचा सगळा हिशेब मालाच्या वजनाचा आहे.

तार तुटली की चाबकासारखी फिरते, कारण ती स्वतःच जड असते. हा दोर हलका असल्यानं तेवढी इजा करत नाही, पण त्याच्या टोकाचा हुक आणि शॅकल जड असतात आणि ते उडतात. ओढ सुरू असताना दोराच्या रेषेत आणि घोडीच्या पायांमध्ये कुणी उभं राहू नये. कोरडा एचएमपीई वीज वाहत नाही, ओला आणि चिखलानं माखलेला मात्र भरवशाचा नाही. घोडी तर लोखंडाचीच आहे. वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर दोर कुठलाही असो, लाइन बंद करून घेतल्याशिवाय घोडी उभी करू नका.

रोजची देखरेख

काम संपलं की दोर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. काळी माती वाळली की तिची रेव पेडांमध्ये घुसते आणि प्रत्येक वाकण्याला आतले धागे कापते. ही झीज बाहेरून दिसत नाही. महिन्यातून एकदा दोर हातांनी आत ढकलून वेणी उघडा आणि पोटात बघा. पांढरट भुकटी पडत असेल तर आतून झीज सुरू झाली.

वरचे धागे लवकर फुलतात आणि लोकरीसारखी लव येते. तिला घाबरू नका, ती लव खालच्या धाग्यांची राखण करते. पण लव आणि तुटलेला पेड यांत फरक ओळखायला हवा. शेजारचे दोन पेड कापले गेले असतील किंवा दोराचा पाव हिस्सा झिजला असेल तर तो भाग कापून काढा आणि गाळा नव्यानं गुंफा. ३० मीटरच्या दोरातून दोन मीटर गेले तरी घोडीचं काम अडत नाही. कडक झालेला भाग दोन्ही हातांनी वाकवून बघा. नुसता दबून कडक झाला असेल तर वाकवल्यावर मोकळा होतो. चकचकीत राहिला, मोकळा झालाच नाही, तर तो वितळून चिकटलेला आहे. त्यावर भार टाकू नका. वर्षातून एकदा दोर उलटा करा, ड्रमकडचं टोक हुकाकडे आणा. आतले वेढे बहुधा नव्यासारखे असतात, त्यांना कामाला लावलं की दोर जास्त चालतो. त्या बाजूला तेव्हा कुलपी गाळा नव्यानं गुंफावा लागेल, त्यासाठी खरेदीच्या वेळीच दीड-दोन मीटर जास्त घ्या.

बाद ठरवलेला दोर फूट-फूटभर तुकडे करूनच टाका. अख्खा ठेवला तर तो दिसायला धडधाकट असतो आणि कुणीतरी तोच बैलगाडीला, ट्रॉलीला किंवा शेजारच्या घोडीला बांधतो.